शिष्टाचाराचे शब्द आणि साक्षीचे व्याकरण

गोड बोलणे आणि खरे बोलणे यांत निवड करण्याची वेळ आली तर मराठी माणूस खरे बोलणे पत्करतो, अशी आपली आपल्याविषयी एक जुनी समजूत आहे. ती कितपत साधार आहे, हा प्रश्न बाजूला ठेवू. परंतु हैदराबादेत चार-पाच पिढ्या काढलेल्या आपल्या घराण्यांची या बाबतीत जरा पंचाईत होते, हे खरे. पुण्या-सोलापूरकडून आलेले सोयरे आपले ‘तशरीफ’ आणि ‘मेहेरबानी’ ऐकून गालात हसतात. ‘तुम्ही मंडळी फार मोगलाई बोलता’ असा शेराही मारतात. त्यात थोडे कौतुक असते आणि थोडा संशयही असतो. जो इतके गोड बोलतो त्याच्या पोटात काय असेल, हा तो संशय. ठरावीक शब्दांत व्यक्त केलेला आदर, ठरावीक शब्दांत मागितलेली क्षमा, ठरावीक शब्दांत दिलेली सदिच्छा, ही सारी सभ्य असत्येच नव्हेत काय, असा प्रश्न त्याच्या मुळाशी आहे. हा प्रश्न आम्हांला लहानपणापासून छळत आला. त्याचा थोडाफार उलगडा झाला तो मात्र एका अगदी परक्या भाषेच्या दारात, वयाची साठी उलटल्यावर.

ती भाषा तुर्की. आमचे जावई त्यांच्या कंपनीच्या कामानिमित्त अडीच वर्षे इस्तंबूल येथे होते. त्या काळात दोन वेळा मिळून आमचा तेथे सुमारे पाच महिने मुक्काम झाला. निवृत्त माणसापाशी वेळ असतो आणि जुन्या शासकीय अधिकाऱ्यापाशी नियमपुस्तिका वाचण्याची सवय. व्याकरणाचे एक पुस्तक, एक शब्दकोश आणि कादिकॉय भागातील शेजारीपाजारी एवढ्या भांडवलावर जेवढी भाषा येईल तेवढी आम्हांला आली. म्हणजे बाजारहाट करता येईल आणि बसमध्ये शेजारच्या माणसाशी हवापाण्याच्या गप्पा होतील, इतपत.

हैदराबादकराला तुर्क सर्वस्वी परका नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे. गोवळकोंड्याचे कुतुबशाही घराणे मूळचे तुर्कमान. शेवटचे खलिफा अब्दुल मजीद यांची कन्या दुर्रूशेहवार आणि उस्मानी राजघराण्यातीलच निलोफर या दोघी निजामाच्या दोन पुत्रांना १९३१ साली फ्रान्समधील नीस येथे दिल्या गेल्या. त्या दोघींच्या नावांची रुग्णालये आपल्या शहरात आजही आहेत. ‘उर्दू’ हा शब्द तुर्कीच. त्याचा मूळ अर्थ छावणी, लष्कर. आपल्या मराठीतील तोफ, कुमक, कैची, चाकू हे सारे त्याच घराकडून, फारसीच्या हातून आलेले. उलट, अरबी-फारसीची जी शिदोरी आपल्याकडे आहे तीच तुर्कांकडेही असल्याने तेथील पाट्या वाचताना अधूनमधून ओळखीचे चेहरे भेटतात. हक्क तेथे ‘हाक’ होतो, जबाब ‘जेवाप’ होतो, पडदा ‘पेर्दे’ होतो, आणि आपला मुखत्यार ‘मुहतार’ होऊन मोहल्ल्याचा निवडून दिलेला प्रमुख बनतो.

परंतु शब्दांची ही नातीगोती वरवरची. तुर्कीचा गाभा वेगळा आहे, आणि तो क्रियापदात आहे. धातू पुढे उभा आणि त्याच्या मागे प्रत्ययांची आगगाडी, अशी ही रचना. प्रत्ययातील स्वर आधीच्या स्वराशी जुळवून घेतो, म्हणून एकच प्रत्यय कोठे ‘दी’ तर कोठे ‘दू’ असा दिसतो. नकार, शक्यता, काळ, बोलणारा, ऐकणारा, सारे त्या एका शब्दाच्या पोटात. ‘गेलमेम’ म्हणजे मी येत नाही, येणार नाही. ‘गेलेमेम’ म्हणजे मला येणे जमणार नाही. मध्ये एका ‘ए’काराचा फरक. आपल्याकडे ‘येत नाही’ आणि ‘येववत नाही’ असा भेद जुन्या पिढीच्या तोंडी होता. हल्ली ‘जमत नाही’ या एकाच पडद्याआड अनिच्छा आणि असमर्थता दोघी सुखाने नांदतात. तुर्काला तेथे निवड करावी लागते. मात्र ज्याला यायचेच नाही तोही शिष्टाचार म्हणून ‘गेलेमेम’ म्हणतोच. सक्ती निवडीची आहे, खरेपणाची नाही. ही गोष्ट पुढे लागणार आहे.

आता शिष्टाचाराच्या शब्दांकडे येऊ. तुर्की संभाषणात जितकी तयार वाक्ये आहेत तितकी आम्ही अन्य कोणत्याही भाषेत पाहिली नाहीत, आणि आम्ही काही लखनौ पाहिलेले नाही असे नव्हे. येणाऱ्याला ‘होश गेल्दिनिझ’, म्हणजे ‘छान आलात’. त्यावर पाहुण्याने ‘होश बुल्दुक’, म्हणजे ‘आम्हांला येथे छान आढळले’ असे म्हणावयाचे. निरोपाच्या वेळी जाणाऱ्याचे वाक्य वेगळे आणि राहणाऱ्याचे वेगळे. जाणारा ‘आल्लाहा इस्मार्लादिक’ म्हणतो, म्हणजे तुम्हांला देवाच्या हवाली केले. राहणारा ‘ग्युले ग्युले’ म्हणतो, आणि त्याचा शब्दशः अर्थ ‘हसत हसत’. धातूची ही द्विरुक्ती ऐकून आमच्या सौभाग्यवतींना तुर्क लोक एकदम माहेरचे वाटू लागले. गाडी दूरच्या प्रवासाला निघाली की मागे तांब्याभर पाणी ओतण्याची चालही तेथे आहे: पाण्यासारखे सहज जावे, पाण्यासारखे सहज यावे. आपण ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणतो, त्यामागची काळजी निराळी नाही.

नव्या वस्तूसाठी वाक्य, न्हाव्याकडून आलेल्यासाठी वाक्य, शिंकणाऱ्यासाठी वाक्य. आजाऱ्याला ‘गेच्मिश ओल्सुन’, म्हणजे ‘होऊन गेलेले असो’. जे अजून अंगावर आहे ते भूतकाळात जमा व्हावे, अशी ही इच्छा व्याकरणातच बांधलेली. कोणाचे कोणी गेले तर ‘बाशिनिझ सा ओल्सुन’, तुमचे मस्तक शाबूत राहो. चूक झाल्यास ‘कुसुरा बाकमा’, कसुराकडे पाहू नकोस. हा ‘कसूर’ आपल्याकडेही आहे, पण तो आपण बहुधा दुसऱ्याचाच काढतो.

या सर्वांत दोन वाक्यांनी आम्हांला विशेष थांबवले. पहिले ‘कोलाय गेल्सिन’. ‘सोपे जावो’ असा त्याचा अर्थ. कोणीही काम करीत असेल, रस्ता झाडणारा, विटा वाहणारा, खिडकीपलीकडे बसलेला बँकेचा कारकून, त्याच्याजवळून जाताना किंवा त्याच्याशी बोलणे सुरू करताना हे म्हणावयाचे. ओळख असण्याची गरज नाही. आमच्या इमारतीखाली एक म्हातारा चांभार बसत असे. त्याच्यापुढून जाणाऱ्या दहांपैकी सहा-सात माणसे तरी हे दोन शब्द टाकूनच जात. तो मान वर करीतच असे असे नाही. आम्ही नंतर पुष्कळ विचार केला, पण काम करणाऱ्या अनोळखी माणसाला काम चालू असताना म्हणण्याजोगे मराठीत आम्हांला काही सापडले नाही. ‘काय, चाललंय का?’ ही चौकशी झाली. ‘झालं का नाही अजून?’ हा तगादा. तीस-पस्तीस वर्षे ज्या कचेऱ्यांतून आम्ही बसलो तेथे फायलींचे गठ्ठे वाहणाऱ्या शिपायाला त्या गठ्ठ्याच्या वजनाविषयी कोणी कधी काही बोलल्याचे आम्हांला स्मरत नाही. मनात सहानुभूती नव्हती असे नाही. तिला बाहेर यायला शब्दांची तयार पायवाट नव्हती.

दुसरे वाक्य ‘एलिने सालिक’: तुझ्या हाताला आरोग्य लाभो. हे स्वयंपाक करणाऱ्याला म्हणतात, शिवणकाम, सुतारकाम करणाऱ्यालाही म्हणतात. त्यावर स्वयंपाक करणारी ‘आफियेत ओल्सुन’ म्हणते, म्हणजे खाल्लेले तुमच्या अंगी लागो. आपल्या पंक्तीत जेवण झाल्यावर ‘अन्नदाता सुखी भव’ म्हणण्याची रीत होती आणि ती सुंदर होती. पण अन्नदाता म्हणजे यजमान. चुलीपुढे घामाघूम झालेली बाई त्या आशीर्वादात येते की नाही, याचा निकाल आमच्या आजीच्या हयातीत तरी लागला नव्हता. तुर्की वाक्य थेट हाताला जाऊन भिडते.

या बहुतेक वाक्यांचे क्रियापद पाहिले तर ते ‘ओल्सुन’ किंवा ‘गेल्सिन’ असे, तृतीयपुरुषी आज्ञार्थाचे किंवा इच्छार्थाचे आहे. मराठीत तेच ‘होवो’, ‘लाभो’, ‘मिळो’. हे ओकारान्त रूप आपल्या भाषेतील सर्वांत मोठ्या मनाचे रूप म्हटले पाहिजे. ज्ञानदेवांचे पसायदान बऱ्याच अंशी त्यावरच उभे आहे. पण आता ते लग्नपत्रिकेत, शोकसभेत आणि दिवाळीच्या शुभेच्छापत्रात उरले आहे. तुर्काच्या तोंडी ते दिवसातून पन्नास वेळा येते, भाजीवाल्याच्या दुकानातही.

येथेच आमच्या मूळ प्रश्नाचा पहिला धागा सुटतो. विधान खरे किंवा खोटे असते. इच्छा खरी किंवा खोटी कशी असेल? चांभाराला ‘सोपे जावो’ म्हणणाऱ्याने कोणतीही माहिती दिलेली नाही. त्याला खोटारडा ठरवायला पुरावाच उपलब्ध नाही. फार तर म्हणता येईल की त्याच्या मनात तेवढी कळकळ नव्हती. पण कळकळ असल्याचा दावा त्याने केला तरी कोठे होता? कांट हा सत्यवचनाच्या बाबतीत अत्यंत कर्मठ तत्त्वज्ञ. खुनी दाराशी आला तरी खोटे बोलू नये, असे सांगणारा. पण १७९८ साली प्रसिद्ध झालेल्या मानवशास्त्रावरील ग्रंथात त्यानेही शिष्टाचाराला सूट दिली आहे. ही किरकोळ नाणी आहेत, ती खऱ्या सोन्याची नव्हेत हे देणाऱ्या-घेणाऱ्या दोघांनाही ठाऊक असते, म्हणून त्यात फसवणूक नाही; शिवाय वापरता वापरता त्यांतून खरा सद्गुण उपजण्याचा संभव असतो, असा त्याचा आशय. हे आम्हांला निम्मेच पटते. ज्या नाण्याची किंमत नाही हे सर्वांना ठाऊक आहे ते चालते कशाला, याचे उत्तर त्यात नाही. त्या उत्तराकडे आपण शेवटी येऊ. तत्पूर्वी क्रियापदाच्या एका वेगळ्या दालनात जाणे भाग आहे.

तुर्कीत भूतकाळ दोन. ‘गेल्दी’ म्हणजे तो आला. ‘गेल्मिश’ म्हणजेही तो आला. पण येताना मी पाहिले नाही, कोणी सांगितले किंवा दारातल्या वहाणांवरून मी ताडले. प्रत्येक वेळी भूतकाळी क्रियापद उच्चारताना बोलणाऱ्याला या दोहोंपैकी एक निवडावेच लागते. तिसरी, मोघम वाट नाही. अकराव्या शतकात महमूद काशगरीने तुर्की बोलींचा जो थोरला अरबी कोश रचला त्यातही या दोन भूतकाळांतील भेद सांगितलेला आहे. म्हणजे ही शिस्त किमान साडेनऊशे वर्षांची. न्यायदर्शनाच्या परिभाषेत सांगायचे तर प्रत्यक्ष एकीकडे आणि अनुमान व शब्द ही प्रमाणे दुसरीकडे, अशी वाटणी प्रत्ययातच करून ठेवलेली आहे.

आपल्याला हे नवे वाटण्याचे कारण नाही. पाणिनीने लिट् लकार परोक्ष भूतासाठी, म्हणजे बोलणाऱ्याच्या डोळ्यांआड घडलेल्या क्रियेसाठी राखला होता. मग त्याचा प्रथमपुरुषी, म्हणजे ‘मी’ बरोबर प्रयोग कसा होणार, स्वतःची क्रिया स्वतःच्या डोळ्यांआड कशी, असा पेच वैयाकरणांना पडला. त्यांनी तोड काढली की झोपेत किंवा नशेत केलेल्या कर्माविषयी तो व्हावा. इस्तंबूलच्या बसमध्ये आमच्या खांद्यावर डोके टेकून झोपलेल्या एका तरुणाने जागे होताच ओशाळून ‘उयुमुशुम’ म्हटले, म्हणजे ‘मी झोपलो होतो असे दिसते’, तेव्हा आम्हांला पाणिनीच्या टीकाकारांची आठवण झाली. संस्कृतात हा भेद पुढे सैल झाला आणि मराठीत तो क्रियापदातून गेलाच. त्याच्या जागी आपण ‘म्हणे’ हा शब्द ठेवला. ‘तो आला म्हणे.’ आपले शेजारीही तेच करतात. कन्नडात ‘अंते’, तेलुगूत ‘अट’, आपल्या दख्खनीत ‘कते’. पण हे सारे ऐच्छिक. लावले तर लावले. तुर्कीत ते क्रियापदाचे हाड आहे.

तुर्कांची परीकथा ‘बिर वारमिश, बिर योकमुश’ अशी सुरू होते. ‘होते म्हणे, नव्हते म्हणे.’ आजी पहिल्या वाक्यातच सांगून टाकते की मी पाहिलेले नाही. आपले आटपाट नगर मात्र बेधडक ‘होते’!

तर मग अशा भाषेचे लोक अधिक सत्यवादी होतात काय? तसे काही नाही. न पाहिलेल्या गोष्टीविषयी ‘दी’ वापरणारा तुर्क आम्ही पाहिला आहे आणि आपली जबाबदारी झटकण्यासाठी ‘मिश’ वापरणाराही पाहिला आहे. पेला स्वतःच्या हातून फुटलेला असताना तेथील मूल ‘फुटलाय वाटते’ या थाटात ‘किरिलमिश’ म्हणते. आपले मूल ‘फुटला’ म्हणते. दोन्ही मुले एकाच शाळेतली. शिवाय ‘दी’ म्हणजे डोळ्यांनी पाहिलेच असे नव्हे. इतिहासाच्या पुस्तकात अतातुर्क १८८१ साली जन्मले हे ‘दी’नेच लिहितात, लेखक तेथे हजर नव्हता हे उघड. तेव्हा या प्रत्ययाचा खरा अर्थ आम्ही असा लावतो की ‘दी’ म्हणणारा त्या गोष्टीला जामीन राहतो आणि ‘मिश’ म्हणणारा जामीन राहत नाही. खोटे बोलण्याची मुभा दोघांनाही आहे. फक्त जामीन कोण होता, हे मागाहून विचारता येते.

ही बाब किती मोलाची आहे हे आम्हांला आमच्या सेवाकाळातील एका प्रकरणामुळे कळते. सुमारे तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. एका मंडल कचेरीतील कारकुनाने दाखल्यासाठी पैसे घेतल्याची तक्रार होती. त्याच्याविरुद्ध नऊ जबाब आधीच नोंदवलेले होते आणि नऊही जबाबांत एकच क्रियापद होते: ‘तीसुकुन्नाडु’, म्हणजे ‘त्याने घेतले’. चौकशीचे काम आमच्याकडे आल्यावर आम्ही त्या नऊ जणांना पुन्हा बोलावले आणि प्रत्येकाला तुम्ही कोठे उभे होतात एवढेच विचारले. सात जण तेथे नव्हतेच. एकाने सांगितले, आणि ते सांगताना त्याला आपण काही वेगळे सांगत आहोत असे मुळीच वाटत नव्हते, की ‘मी तर तीसुकुन्नाडट म्हणालो होतो’. घेतले म्हणे! तोंडातून ‘अट’ निघाला होता. लिहून घेणाऱ्याने तो गाळला. लिहिणाऱ्याच्या मनात दुष्टावा नव्हता. ‘अट’ ही बोलीतली लकब, सरकारी कागदावर ती शोभत नाही, एवढाच त्याचा हिशेब. उरलेल्या दोघांनी एक पाकीट पाहिले होते. आत काय होते ते पाहिले नव्हते.

तो मनुष्य निर्दोष ठरला. पण त्याला जवळजवळ तीन वर्षे लागली. मधल्या काळात त्याची बढती अडली, ती पुढे थकबाकीसह मिळाली. मुलीचे ठरत आलेले लग्न मोडले, त्याला थकबाकी नसते. गावात जे ‘म्हणे’ होते ते कागदावर आले तेव्हा ‘म्हणे’ उरले नाही, आणि कागदावरून पुन्हा गावात परतले ते शिक्कामोर्तब होऊन. पुढे कोणत्याही जबाबात ‘असे निदर्शनास आले’ हे शब्द दिसले की आम्ही समासात ‘कोणाच्या?’ एवढे लिहीत असू. आमच्या हाताखालच्या मंडळींना हा आमचा विक्षिप्तपणा वाटे.

आता शिष्टाचाराकडे परत. सर्व तुर्की वाक्यांत सर्वांत जड वाक्य ‘हाक्किनी हेलाल एत’. हाक म्हणजे हक्क. हेलाल म्हणजे हलाल. मराठीत त्याचा अर्थ मांसापुरता आणि निमकहलालपुरता आक्रसला आहे, तुर्कीत तो ‘धर्म्य, निर्वेध’ असा व्यापक आहे. ‘तुझा माझ्यावर जो हक्क आहे तो मला हेलाल कर’, म्हणजे तुझे माझ्याकडे जे काही राहिले असेल, पैसा, श्रम, खाल्लेले मीठ, दुखावलेले मन, त्यावरचा दावा सोडून दे. हाजला निघालेला, लष्करात भरती होणारा, शस्त्रक्रियेला जाणारा माणूस आप्तस्नेह्यांना हे म्हणतो. उत्तर ‘हेलाल ओल्सुन’. आपल्याकडे ‘काही चुकलंमाकलं असेल तर पोटात घाला’ असे म्हणतात, आणि व्यापारी बिलाखाली ‘चूकभूल देणे घेणे’ छापतात; ही दोन्ही एकत्र केली तर जे होईल ते हे वाक्य.

आमच्या दुसऱ्या मुक्कामात शेजारच्या इमारतीतील एक वृद्ध गृहस्थ वारले. मशिदीच्या अंगणात दगडी चौथऱ्यावर पेटी ठेवलेली होती. आम्ही मागे, अंतर राखून उभे होतो. प्रार्थनेनंतर इमामाने जमावाला विचारले की या दिवंगताला तुम्ही कसा जाणत होता? सर्वांनी एका आवाजात म्हटले, ‘इयी बिलिर्दिक’, चांगला जाणत होतो. मग त्याने विचारले, तुमचे हक्क त्याला हेलाल करता काय? ‘हेलाल ओल्सुन.’ हे तीनदा.

आमच्या मजल्यावर राहणारे एक निवृत्त शाळामास्तर त्या जमावात होते. सायंकाळी चहाला त्यांच्याकडे गेलो असता इंग्रजी आणि तुर्की यांच्या खिचडीत ते जे बोलले ते असे. गेलेल्या गृहस्थांनी बऱ्याच वर्षांपूर्वी मास्तरांच्या धाकट्या भावाचे दुकान खोट्या कागदांनी बळकावले होते. भाऊ त्यातून सावरला नाही. मास्तर म्हणाले, ‘इयी बिलिर्दिक मी मोठ्याने म्हणालो. इमाम काही चौकशी अधिकारी नव्हे. त्याला माहिती नको असते. पण हेलाल ओल्सुन मला म्हणता आले नाही. ओठ हलवले, आवाज काढला नाही. तीनही वेळा.’

आम्ही विचारले, जे सरळसरळ खोटे होते ते तुम्ही म्हणालात आणि ज्यात खऱ्याखोट्याचा प्रश्नच नव्हता तेथे अडलात, हे कसे?

ते म्हणाले, ‘ते म्हटले असते तर खरेच सोडावे लागले असते. आणि दुकान माझे नव्हते.’

ऑस्टिन या इंग्रज तत्त्वज्ञाने १९५५ साली हार्वर्डमध्ये व्याख्याने देताना असा विचार मांडला की काही वाक्ये काही सांगत नाहीत, ती काही करतात. वचन देणे, क्षमा मागणे, नामकरण करणे ही कृत्ये बोलण्यातच पार पडतात. आमच्या मास्तरांनी ऑस्टिन वाचला असावा असे वाटत नाही, पण दोन ठरावीक वाक्यांतला हा भेद त्यांच्या जिभेला अचूक ठाऊक होता. कांटच्या नाण्यांपुढे आम्ही जो प्रश्न ठेवला होता त्याचे उत्तर आम्हांला येथे मिळते. शिष्टाचाराचे शब्द पोकळ असते तर ते उच्चारताना कोणाची जीभ अडली नसती. रोज पन्नास वेळा सहज बोलला जाणारा ‘ओल्सुन’ ज्या दिवशी घशात अडकतो त्या दिवशी कळते की तो सर्व काळ भरलेलाच होता. आपल्या सोयऱ्यांचा गोड बोलण्यावरचा संशय आम्हांला म्हणूनच चुकीच्या जागी धरलेला वाटतो. गोड शब्द किती लोक बोलतात हे पाहून काही कळत नाही. कोण कोणत्या वेळी कोणता शब्द बोलला नाही, हे पाहावे लागते. भावाच्या दाव्याला आपण मुखत्यार नाही, ही मास्तरांची जाणीव तर आम्हांला त्या दिवशी ऐकलेल्या कोणत्याही प्रार्थनेपेक्षा अधिक धार्मिक वाटली. काही वाचकांना हे कठोरपणाचे समर्थन वाटेल. मृताबरोबर वैर संपते, हा आपला संस्कार आहे. पण वैर संपवणे आणि दुसऱ्याच्या मालकीचा हक्क सोडणे या दोन गोष्टी आहेत. पहिली मास्तरांनी केली होती. ते तेथे गेले होते, पेटीला खांदाही दिला होता.

त्या कारकुनाच्या निवृत्तीच्या समारंभाला आम्हांला बोलावणे होते. तोवर आमची दोन जिल्ह्यांत बदली होऊन गेलेली. जबाब देणाऱ्या नऊ जणांपैकी तिघे-चौघे हार घेऊन आले होते. त्यांतला एक त्याचे दोन्ही हात हातांत घेऊन म्हणाला, ‘मनसुलो पेट्टुकोकंडि’, मनात ठेवू नका. बोलणारा मनापासून बोलत होता, याविषयी आम्हांला तेव्हाही शंका नव्हती. कारकून हसला आणि म्हणाला, ‘परवालेदंडि’.

‘काही हरकत नाही’, ‘असू द्या’, ‘त्याचं काय एवढं’, असे या शब्दाचे मराठी होईल. नीट पाहिले तर त्यात त्याने काहीही सोडलेले नाही, आणि काही मागितलेलेही नाही. मुलीचा विषय ज्याच्या त्याच्या मनात होता. कोणी काढला नाही. मग त्याने हार काढून नीट घडी करून पिशवीत ठेवला, प्रत्येकाला चहा मिळाला की नाही ते पाहिले, आणि शेवटच्या बसची वेळ झाली म्हणून आमचा निरोप घेतला.

‘वेळ्ळि वस्तानु’ म्हणाला. जाऊन येतो.